मापाचा कपडा

५ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

पाकीट उघडलंस त्याबद्दल आभार. उघडलं नसशील तर हे वाक्य वाया गेलं, पण ते मला कळणार नाही, म्हणून लिहितो आहे. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. ती देत नव्हती, मी तिच्या दारातून हललो नाही.

आई पडली. जिवाला धोका नाही, हे आधी सांगून टाकतो. वरच्या फळीवरचा अस्तराचा गठ्ठा काढायला ती स्टुलावर चढली. मी एका गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेलो होतो. परत आलो तर ती दुकानात जमिनीवर पडलेली आणि गठ्ठा छातीशी धरलेला. मला बघून म्हणाली, "कापडाला माती लागली नाही." खुब्याचं हाड मोडलं आहे. ऑपरेशन करून आत सळई बसवली. डॉक्टरीणबाई म्हणतात, सळई चांगली बसली आहे.

अडचण वेगळीच आहे. बायकांच्या वॉर्डात दिवसपाळीला एक पुरुष नर्स आहे. सगळे त्याला ब्रदर म्हणतात. दोन सिस्टर रजेवर आहेत म्हणून त्याला इकडे दिला आहे. ऑपरेशननंतर पहिल्या सकाळी तो आला. चष्मा, खिशाला पेन, बोलणं हळू. आईला वाटलं हाच डॉक्टर. तिने त्याला सगळं सांगितलं. टाके कुठे ओढतात, कंबर कुठे अवघडते, पोट कसं आहे. पोटाचं सांगायचं असलं की ती मला बाहेर घालवते, या वेळी तेही विसरली. त्याने पट्टी बघितली, पाठ बघितली, चादर सारखी केली. तो गेल्यावर आई म्हणाली, "किती शांत आहेत हे डॉक्टर. हात लागलेला कळत नाही."

दुपारी तोच बेडपॅन घेऊन आला. आईने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"डॉक्टर हे काम करतात?"

"मी डॉक्टर नाही, आई. मी नर्स आहे."

तेव्हापासून ती त्याला जवळ येऊ देत नाही. मी विचारलं, सकाळी चालला आणि दुपारी का नाही? तर म्हणते, "सकाळी तो डॉक्टर होता."

खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं नाही. मी ऑफिसात जाऊन विचारलं, आईसाठी सिस्टर मिळेल का? तिथल्या बाई म्हणाल्या, "मिळेल की. चार वाजता, पाळी बदलली की." चारपर्यंत आई दात आवळून पडून असते.

आणि तिने सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलं आहे की माझी मुलगी येणार आहे, तीच माझं सगळं करणार. तुला न विचारता सांगितलं आहे.

बाबा गेल्यावर ती तुला काय बोलली ते मला ठाऊक आहे. बाबांच्या पाठीवरच्या जखमेवरून बोलली. "तू झोपा काढल्यास म्हणून त्यांची पाठ कुजली." त्यानंतर आठवड्याच्या आत तू घर सोडलंस. त्यात मी पडत नाही. माझी शाळा आठवीला सुटली आणि अक्कलही साधारण तिथपर्यंतच आली आहे. पण तीन आठवड्यांच्या आत आईला घरी सोडणार. घरी तिला उचलायचं, पुसायचं, भांडं द्यायचं, हे करणार कोण? मी मुलगा. मला ती पाय दाबू देत नाही, हे काय करू देणार? तू आली नाहीस तर मला पुढचं काही दिसत नाही.

तुझा,
टाचण्या

(अजून सगळे टाचण्याच म्हणतात. वजन वाढलेलं नाही.)


८ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

उत्तर नाही. पत्र पोचायला वेळ लागतो हे मला समजतं. तरी पोस्टमन दिसला की काज करता करता माझा हात थांबतो.

आईच्या शेजारच्या पलंगावर एक बाई आहेत, त्यांची खानावळ आहे. त्यांचा पाय वर टांगलेला आहे आणि तोंड मोकळं आहे. हे त्यांनीच सांगितलं. त्यांना ब्रदरच लागतो. "सिस्टर चांगल्या आहेत हो, पण हात म्हणजे बर्फ. आणि मला उचलायला दोघी लागतात. दोघी एका वेळी सापडेपर्यंत माझा जीव जातो. हा एकटा उचलतो आणि वर विचारतो, दुखलं का."

आई म्हणाली, "परका पुरुष आहे तो."

"अहो, माझ्या घरच्या पुरुषाने इतक्या वर्षांत माझी उशी एकदा सारखी केली नाही. हा येता-जाता करतो. आता दोघांतला परका कोण, ते तुम्हीच ठरवा."

आईने भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे नुसती मान वळवली, कुशीवर तिला अजून होता येत नाही.

मग बाईंनी मोर्चा माझ्याकडे वळवला. तुम्ही काय करता? मी म्हटलं, टेलर आहे, बायकांचे कपडे शिवतो. "आणि मापं कोण घेतं?" मीच, म्हटलं. त्या इतक्या हसल्या की टांगलेला पाय हलला आणि ब्रदरला धावत यावं लागलं. आई भिंतीकडेच बघत होती, पण तिचे कान मला दिसत होते.

मी त्यावर विचार केला. नव्या गिऱ्हाइकाची नजर मला ओळखता येते. ती आधी माझ्या हातांकडे बघते, मग दुकानात आणखी कोणी बाई आहे का ते बघते. आई मागे हातशिलाई करत बसलेली दिसली की तिचे खांदे खाली येतात. काहींचे तरीसुद्धा येत नाहीत. त्या जुना कपडा पुढे करतात, यावरून शिवा म्हणतात. बाबा असा मापाचा कपडा किती आदराने घ्यायचे, आठवतं? घडी घालून वेगळ्या खणात ठेवायचे. म्हणायचे, शिवण जरा इकडे-तिकडे होईल, पण बाईचा जीव ठिकाणावर राहील.

इथे लोक येतात ते डॉक्टरीणबाईंना सिस्टर म्हणतात आणि ब्रदरला डॉक्टर. दोघेही आता चूक दुरुस्त करत नाहीत. काल भेटायला आलेल्या एका आजोबांनी ब्रदरला विचारलं, "डॉक्टरकीला मार्क कमी पडले का?" तो म्हणाला, "नाही, मला हेच करायचं होतं." आजोबा "असं होय" म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, जसं नापास मुलाला थोपटतात.

आता एक गोष्ट लिहितो ती आईला सांगू नकोस. (तुम्ही बोलत नाही, तरी लिहून ठेवतो.) आई पाणी पीत नाही. प्यायलं की भांडं लागणार, भांडं लागलं की ब्रदर येणार. म्हणून चार वाजेपर्यंत ती ओठ ओला करत नाही. ब्रदर सकाळी तांब्या भरून ठेवतो आणि दुपारी तो रिकामा झाला का ते बघतो. ओतून टाकावं तर बेसिन त्याच्याच टेबलाला लागून आहे. तेव्हा आई मला डोळ्यांनी खूण करते आणि ते पाणी मी पितो. रोज.

तू लवकर ये. मला आता पाणी जात नाही.

टाचण्या


११ फेब्रुवारी, रविवार

ताई,

आईला ताप भरला होता. आता उतरला आहे. हे आधीच लिहिलं म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

लघवीत जंतू झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी कमी पडलं. ब्रदर म्हणाला, "पाणी तर रोज संपतं." मी नेमका त्याच वेळी उठलो होतो.

"कुठे निघालात?"

"जरा जाऊन येतो."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तांब्या आईंचा आणि जाऊन येणं तुमचं," तो म्हणाला.

खानावळवाल्या बाई म्हणाल्या, "माझ्या लक्षात आलं होतं. पण मला वाटलं पोराला साखरेचा आजार असेल, कशाला बोलून दाखवा."

मला वाटलं, आता हा ओरडणार, आणि त्याने ओरडावं असंच मी केलं होतं. त्याने स्टूल घेतलं आणि आईच्या डोक्याशी बसला.

"आई, मला नको म्हणा. रोज म्हणा. मी ते ऐकलेलं आहे, मला राग येत नाही. पण पाण्याला नको म्हणू नका. पाण्याने तुमचं काय वाईट केलंय?"

आईने तांब्याकडे बघितलं.

"मावशींना एकटीने तुम्हाला उचलता येणार नाही, हाड हलेल. असं करून बघू. भांडं मावशी ठेवतील, चादर मावशी धरतील. मी चादरीवरूनच उचलेन आणि खिडकीबाहेर बघेन. नाही जमलं तर आणखी काही शोधू."

मावशी म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस. त्या म्हणाल्या, "मी उभी आहे ना. याने मान वळवली तर याचा कान माझ्या हातात."

पडदा ओढला. मी बाहेर उभा राहिलो. आतून त्याचा एकट्याचा आवाज येत होता. "आता चांगला पाय वाकवतो. आता हात कमरेखाली येतोय, चादरीवरून. आता उचलतो. श्वास सोडा. झालं." काहीही करायच्या आधी तो ते सांगत होता. नुसतं करून टाकलं असं एकदाही नाही.

ताई, तुला कोण आठवलं? मला तेच आठवले. "आता खांदा. आता बाही. आता कंबर, टेप मागून येते आहे." टेप बोटांच्या टोकांत धरलेली आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. बायका म्हणायच्या, तारीख मास्तरांना विचारा, त्यांना पाठ असते. आकडे आई लिहून घ्यायची.

पडदा सरकला. मी आईला हळूच विचारलं, कुठे बघत होता?

"पाण्याच्या टाकीकडे. बाहेर आहे म्हणे एक." मग म्हणाली, "तुझे बाबा कॅलेंडरकडे बघायचे."

आणि तांब्याकडे हात केला. मी ओतून दिलं. ती ते स्वतः प्यायली, सगळं. कोणाला पाणी पिताना बघून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

अंग पुसणं मात्र ती अजून करू देत नाही. ते तिने तुझ्यासाठी राखून ठेवलं आहे. चारची सिस्टर सगळ्या वॉर्डाला पुरत नाही, आईपर्यंत पोचते तेव्हा नुसतं तोंड पुसून होतं. पाठीला घाम येतो, आई खाजवू बघते आणि हात पोचत नाही. ब्रदर रोज सकाळी प्रत्येकीला विचारतो, "आज मी आहे. माझ्याकडून चालेल ना?" आई रोज म्हणते, "माझी मुलगी येणार आहे." तो म्हणतो, "बरं." आणि पुढच्या पलंगाकडे जातो.

काय करायचं ते तू ठरव. मी फक्त काय चाललं आहे ते लिहितो.

टाचण्या


१५ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

कार्ड मिळालं. आभार. लहान असलं तरी मिळालं.

"येणं जमणार नाही. गुडघ्यांच्या मधे उशी ठेव. टाचा गादीला टेकू देऊ नकोस, पोटऱ्यांखाली कापडाची गुंडाळी घाल. पाठ लाल दिसली तर चोळू नकोस. पाणी तिचं तिला पिऊ दे."

शेवटच्या वाक्यावरून कळलं की तू पहिली दोन्ही पत्रं वाचली आहेस. मला तेवढं पुष्कळ झालं.

आईला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी कार्ड तिच्या हातात दिलं आणि उगाचच तांब्या भरायला गेलो. परत आलो तर तिने ते उलटं करून पोटावर ठेवलेलं होतं. सगळ्या वॉर्डाला सांगून बसली होती ना. खानावळवाल्या बाई आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या जिभेला हाड नसलं तरी त्यांना मन आहे. त्या म्हणाल्या, "पोस्टाचं काही खरं नसतं हो," आणि पुढे त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

आज सकाळी ब्रदर नेहमीसारखा आला. "आज मी आहे. माझ्याकडून चालेल ना?"

आईने त्याच्याऐवजी मला विचारलं, "टाचण्या, मापाच्या कपड्यावरून शिवलेलं कधी अंगाला नीट बसतं का रे?"

मी म्हटलं, "नाही. बगलेत धरतं."

"मग?"

ब्रदर आमच्या दोघांकडे बघत होता. आई वर छताकडे बघत म्हणाली, "घ्या म्हणावं माप."

त्याला काही कळलं नाही. मी त्याला बाजूला नेऊन समजावलं, काही बायका माप द्यायला लाजतात, जुना कपडा देतात, वगैरे. तो ऐकून हसला नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि म्हणाला, "पाणी गरम करून आणतो."

मावशी आत गेल्या, पडदा ओढला. मी बाहेर. "आता उजवा हात. फक्त हात उघडा आहे, बाकी सगळं झाकलेलं आहे. आता तो झाकला. आता डावा." एका वेळी एक भाग उघडायचा, तो पुसून, कोरडा करून झाकायचा, मग पुढचा. मी ऐकूनच शिकलो. पाठ आली तेव्हा आईने असा श्वास सोडला की तो मला बाहेर ऐकू आला.

मग ती म्हणाली, "मास्तर, पाणी जरा गार झालंय."

पडद्याच्या आत पाण्याचा आवाज थांबला. आईला कळलं असावं आपण कोणाला हाक मारली ते. आपल्या घरात मास्तर एकच होते.

ब्रदर म्हणाला, "हो, बदलतो."

आई दुपारी गाढ झोपली. केस विंचरलेले होते. मी तिच्याकडे बघत बसलो आणि शिलाईचं काम आणलं होतं ते तसंच राहिलं.

टाचण्या


१८ फेब्रुवारी, रविवार

ताई,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा साधं लिहितो.

तुझं कार्ड मी आईच्या पलंगाशेजारच्या कपाटाला चिकटवलं होतं, काही विसरू नये म्हणून. ब्रदरने आईच्या पट्टीला हात लावण्याआधी ते वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं.

"हे कोणी लिहिलंय?"

मी म्हटलं, ताईने.

"कुठल्या हॉस्पिटलात असतात त्या?"

"डबे भरायच्या कारखान्यात."

"मग लाल झालेली पाठ चोळायची नाही, हे यांना कोणी सांगितलं? घरी सगळे चोळतात. तेल लावून चोळतात आणि मग आमच्याकडे आणतात."

मी सांगितलं की आमचे वडील दोन वर्षं अंथरुणावर होते आणि सगळं तीच करायची. आईने मान फिरवली. मला वाटलं विषय संपला. पण आई भिंतीकडे बघतच बोलली.

"त्यांना जखम झाली होती पण. शेवटी शेवटी. कमरेच्या खाली."

"किती जखमा होत्या?" ब्रदरने विचारलं.

"एकच. पण चांगली मोठी."

त्याने हातातली पट्टी ट्रेमध्ये ठेवली. "दोन वर्षांत एकच?"

"हो."

"करायला कोण कोण होतं?"

"तीच."

"आणि रात्री?"

"तीच."

"आई, पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. आमच्याकडे तीन पाळ्या आहेत, माणसं बदलतात, तरी जखमा होतात. कोणाची चूक नसतानाही होतात. शेवटी शेवटी अंगच टिकत नाही. एकटीने दोन वर्षं, आणि एकच?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्या आल्या की मला सांगा. गुंडाळी त्या नेमकी कुठे ठेवायच्या ते विचारायचं आहे."

तो तोंडदेखलं बोलत नव्हता, ताई. त्याला खरंच विचारायचं होतं. आपल्या घरात काय झालं ते त्याला माहीत नाही आणि आपण काय बोलून गेलो तेही माहीत नाही. त्याने पट्टी बदलली आणि खानावळवाल्या बाईंकडे गेला. तिथे त्या त्याला लग्नासाठी मुलगी सुचवत होत्या.

आई जेवली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्याने एकटीने म्हटलं ना?"

मी म्हटलं, "हो."

"मला ऐकू नीट आलं की नाही म्हणून विचारलं."

एक गोष्ट मलाही कळली. ती दोन वर्षं मी पुढे दुकानात मशीनवर असायचो आणि मागच्या खोलीतून तुझा आवाज यायचा. "बाबा, आता डावीकडे. बाबा, आता उशी काढते. आता पाय." मला वाटायचं तू त्यांच्याशी गप्पा मारतेस. आता ते कानात वेगळं वाजतं. बाबांचीच पद्धत तू बाबांवर वापरत होतीस. त्यांना किती बरं वाटलं असेल, ते आई गुरुवारी पाठ पुसून झाल्यावर जशी झोपली त्यावरून मी समजलो. तेव्हा तुझे आभार मानायला कोणी नव्हतं, आज मानतो. बाबांच्या वतीने समज.

मी ब्रदरला म्हटलं, मला शिकवा. तो म्हणाला, "आईंना चालेल का, आधी विचारा." विचारलं. आई म्हणाली, "शिकून तर ठेव." रिकाम्या पलंगावर मावशी झोपल्या आणि मी त्यांना वळवायचा सराव केला. त्या ओरडत होत्या, "हळू, मी काय कापडाचा तागा आहे?" ब्रदर म्हणाला, माझे हात चांगले आहेत, फक्त मी श्वास घ्यायचा विसरतो.

टाचण्या


२३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

आम्ही घरी आलो. आई चार पायांचा वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत जाते आणि तिथून दुकानावर नजर ठेवते.

निघताना एक गंमत झाली. ब्रदरला काय द्यावं यावर आईने बराच विचार केला होता. तिने ठरवलं, त्याला शर्ट शिवून द्यायचा. मी पुरुषांचे कपडे कधी शिवले नाहीत, पण तिच्यापुढे कोण बोलणार? मी टेप काढली. सगळा वॉर्ड बघत होता. ब्रदर लाल झाला आणि म्हणाला, "जुना शर्ट आणून दिला तर चालेल का?"

आई म्हणाली, "का? लाज वाटते?"

खानावळवाल्या बाईंचा पाय पुन्हा हलला. मावशी म्हणाल्या, "उभा राहा गपचूप, मी आहे ना इथे."

तो उभा राहिला, खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघत. मी म्हणालो, "आता खांदा. आता बाही. आता छाती, टेप मागून येते आहे." आकडे आईने लिहून घेतले. बाबा अंथरुणाला लागल्यापासून तिने आकडे लिहिले नव्हते. माझे मीच लिहायचो.

माप घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "बरं वाटतं हो, आधी सांगितलं की." मला त्याला पुष्कळ काही सांगायचं होतं. मी सांगितलं, "मंगळवारी तयार होईल."

पहिल्या दिवशी घरी आईला भांडं लागलं तेव्हा मी आधी दुकानाचं दार लोटून आलो. मग मी म्हटलं, "आता पाय वाकवतो. आता हात चादरीवरून येतो." माझा आवाज शाळेत कविता म्हणताना व्हायचा तसा झाला होता. मी कॅलेंडरकडे बघत होतो.

आईने विचारलं, "तारीख काय?"

"एकवीस."

"कुठली एकवीस? जानेवारीचंच पान आहे ते. कसला मास्तर तू? आधी पान उलट."

मी म्हटलं, हात मोकळे झाले की उलटतो. ती हसली, आणि हसता हसता काम झालं. आता सवय होते आहे. पाठ लाल नाही. टाचा टेकू देत नाही. ब्रदर काल कामावरून घरी जाताना वाकडी वाट करून बघून गेला आणि म्हणाला, गुंडाळ्या उत्तम आहेत. मी म्हटलं, ताईच्या आहेत.

काल मी हे पत्र लिहायला बसलो तेव्हा आईने विचारलं, कोणाला लिहितोस? तिला माहीत होतं. मी म्हटलं, "तुला काही लिहायचं आहे का?" तिने बराच वेळ हातातली बाही दुमडली, पुन्हा उलगडली, पुन्हा दुमडली. मग म्हणाली, "लिही. एकच झाली होती."

मी लिहून घेतलं. म्हटलं, आणखी?

"पाठ स्वच्छ असायची त्यांची. मी रोज बघायचे. वास कधी आला नाही खोलीला. तेही लिही."

मी थांबलो होतो, आणखी काही येईल म्हणून. ती म्हणाली, "पुढचं तिचं तिला कळेल. नाही कळलं तर मी समोर सांगेन." आणि सुई पुढे केली, दोरा ओवून दे म्हणून. अलीकडे तिला ओवता येत नाही.

ताई, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तू आली नाहीस तर मला पुढचं काही दिसत नाही. ते आता खरं राहिलं नाही. उचलणं, पुसणं, भांडं, सगळं मी करतो आणि आईचं नीट चाललं आहे. तुझ्यावाचून काही अडत नाही. म्हणूनच आता मोकळ्या मनाने लिहितो की ये. कामाला येऊ नकोस. आल्यावर मी तुला एक उशीसुद्धा उचलू देणार नाही. मागच्या खोलीत तुझा पलंग तसाच आहे, त्याच्यावरचे गठ्ठे आज काढले. नुसती येऊन बस. पाणी मी आणून देईन, आणि या वेळी ज्याचं त्यानेच प्यायचं.

तुझा,
टाचण्या